पार्श्वरंग, छायाचित्र-संपादनातील

संगणकावर छायाचित्राचे संपादन करताना प्रतिमेच्या चौकटीबाहेर पडद्याचा जो भाग मोकळा राहतो, त्याच्या रंगास कार्यक्षेत्राचा पार्श्वरंग म्हणतात. हा रंग प्रतिमेचा घटक नसतो. तो छायाचित्रात साठविला जात नाही व छापलाही जात नाही. तथापि संपादकाला प्रतिमा कशी दिसते, हे तो काही अंशी ठरवितो. त्यामुळे त्याची निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही. फोटोशॉपच्या साधनपट्टीत अग्ररंगाच्या जोडीला दाखविलेला पार्श्वभूमिरंग याहून वेगळा होय. चित्राचा तळथर खोडताना किंवा चित्रफलक वाढविताना तो प्रत्यक्ष प्रतिमेत उतरू शकतो.

दृक्‌संवेदन : कोणत्याही रंगाचे संवेदन लगतच्या रंगांवर अवलंबून असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल अझॅन शव्हरल (१७८६–१८८९) हे १८२४ मध्ये पॅरिस येथील गॉब्लँ या चित्रजवनिका विणणाऱ्या कारखान्यात रंजन विभागाचे प्रमुख झाले. तेथील काळा रंग पुरेसा गडद नाही, अशी तक्रार होती. दोष रंगद्रव्यात नसून शेजारच्या निळ्या व जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा फिका भासतो, असे त्यांना आढळले. यातून सिद्ध झालेला युगपत् विरोधाचा नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुढे १९६७ मध्ये बार्टल्सन व ब्रेनेमन यांनी भोवताल जसजसा उजळ होतो तसतसा प्रतिमेतील छायाप्रकाशाचा भेद अधिक तीव्र भासतो, असे प्रयोगांनी दाखविले.

हेच परिणाम संपादकाच्या निर्णयात उतरतात. काळ्या पार्श्वरंगावर प्रतिमा आहे त्याहून उजळ वाटते. संपादक ती गडदच ठेवतो आणि पांढऱ्या कागदावर छापल्यावर ती काळवंडलेली दिसते. पांढऱ्या पार्श्वरंगावर उलट घडते. प्रतिमा गडद भासल्याने ती गरजेपेक्षा अधिक उजळली जाते. रंगीत पार्श्वभूमी सर्वांत फसवी असते. तांबड्या भोवतालात करड्या छटांना हिरवट झाक आल्याचा भास होतो. ती घालविण्याच्या प्रयत्नात निर्दोष चित्रातच रंगदोष निर्माण होतो. त्वचेचे रंग ठरविताना ही चूक विशेष जाणवते.

बदलण्याच्या पद्धती : फोटोशॉपमध्ये प्रतिमेबाहेरील मोकळ्या जागी माउसची उजवी कळ दाबली असता काळा, करड्याच्या निरनिराळ्या छटा व स्वेच्छेने निवडलेला रंग असे पर्याय मिळतात. सॉफ्टवेअरच्या एकंदर रूपाची छटा ‘प्रेफरन्सेस’मधील ‘इंटरफेस’ या विभागात निवडता येते. २०१२ मधील सीएस ६ या आवृत्तीपासून गडद रूप मूळचेच ठरविलेले असल्याने ही निवड आवर्जून तपासावी लागते. लाइटरूममध्येही छायाचित्राभोवतीच्या जागेवर उजवी कळ दाबून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटा निवडता येतात. गिंप या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ‘व्ह्यू’ यादीतील ‘पॅडिंग कलर’ या आज्ञेने हा बदल होतो.

योग्य निवड : सर्वसाधारण कामासाठी उदासीन, म्हणजे कोणत्याही रंगाची झाक नसलेला मध्यम करडा रंग योग्य समजतात. त्यासाठी तांबडा, हिरवा व निळा या तिन्ही घटकांची मूल्ये समान ठेवावी लागतात. प्रकाशमापनात प्रमाण मानलेल्या १८ टक्के परावर्तनाच्या करड्या रंगाशी, एसआरजीबी या रंगपद्धतीत, सुमारे ११८ हे मूल्य जुळते (पूर्ण पल्ला ० ते २५५). मुद्रण व छायाचित्रण यांतील परीक्षणाच्या परिस्थितीविषयीचे आयएसओ ३६६४ हे आंतरराष्ट्रीय मानकदेखील उदासीन व चकाकी नसलेल्या भोवतालाचाच आग्रह धरते.

मात्र एकच पार्श्वरंग सर्व प्रसंगी पुरेसा ठरत नाही. पांढऱ्या समासासह छापावयाचे चित्र शेवटी पांढऱ्या पार्श्वरंगावर आणि अंधाऱ्या दालनात प्रक्षेपित करावयाचे चित्र काळ्यावर पाहून घेणे इष्ट असते. पडद्याचे अंशशोधन झालेले नसल्यास, अथवा खोलीतील भिंती भडक व प्रकाश सतत बदलता असल्यास, केवळ पार्श्वरंग बदलून अचूक निर्णय घेता येत नाही.