रक्तपिपासू : मेलेल्यांची सत्ता

रक्तपिपासू पिशाच हे केवळ भीतीचे प्रतीक नाही. ते एका संबंधाचे प्रतीक आहे. एकाचे जगणे दुसऱ्याच्या रक्तावर चालते, हे व्यवहारात झाकलेले असते. पिशाच ते उघडे करते, म्हणून लेखक त्याच्याकडे वळतो. पॉलिडोरीच्या 1819 मधील कथेतले पिशाच लॉर्ड आहे. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला (1897) गढीत राहणारा सरदार आहे. भांडवल म्हणजे मृत श्रम, ते जिवंत श्रम शोषून जगते, हे सांगताना मार्क्सनेही 1867 साली हीच उपमा वापरली.

मनोरीत मी ज्यांना शिकवतो त्या मुलांना ड्रॅक्युला सिनेमातून माहीत आहे, हडळ आजीच्या तोंडून. पण या दोघांत मोठा फरक आहे. मुंजा हे मुंज होऊन लग्नाआधी मेलेल्या ब्राह्मण मुलाचे भूत. हडळ बाळंतपणात मेलेल्या बाईचे. म्हणजे मेल्यावरही जात सुटत नाही. आणि जिला कोणी वाचवले नाही, तीच बाई गावाची वैरीण ठरते! तिकडे शोषक पिशाच होतो, इकडे शोषित. जिवंत बाईला डाकीण ठरवण्याची वाट येथूनच जाते. महाराष्ट्राला 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे.

तेव्हा हे प्रतीक आपण घ्यावे काय? घ्यावे, पण बोट कोणाकडे आहे ते पाहून. त्याचे दोन गुण आपल्या कामाचे आहेत. एक, ते मेलेले असूनही उठते. अस्पृश्यता 1950 साली संविधानाच्या 17 व्या कलमाने संपवली. हाताने मैला उचलण्यावर 1993 मध्ये आणि पुन्हा 2013 मध्ये बंदी आली. तरी माणसे गटारात गुदमरून मरतातच. दोन, ज्याला ते चावते तोही चावू लागतो. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट' (1975) मध्ये शेजारी शेजाऱ्याला चावत गाव संपते. नारायण धारपांनी तीच गोष्ट 'लुचाई'त मराठीत आणली. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता याहून वेगळी काय आहे? वरच्याने तुडवलेला माणूस पायाखाली कोणीतरी शोधतो.

मात्र कथेत एक खुंटी छातीत ठोकली की पिशाच संपते. जातीची गढी एका जागी नाही, तिचा सरदारही एक नाही. हे विसरणारी कथा वाचकाला घाबरवील आणि निवांत झोपवीलही. आपल्याला त्याला जागे ठेवायचे आहे.