गाजर गवत : फुलायच्या आतच उपटा



पाऊस पडला की बांधावर, रस्त्याच्या कडेला, गावठाणात गाजर गवत माजते. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. नावात गवत असले तरी ते गवत नव्हे. करडई, सूर्यफूल, झेंडू यांच्याच कुळातले ते झाड आहे. मूळ मुलूख अमेरिका खंडाचा. आपल्याकडे १९५५ साली पुण्यात त्याची नोंद झाली. बाहेरून आणलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते.

भावकीत सगळे सारखे नसतात. याच वंशातले ग्वायुले नावाचे झुडूप मेक्सिकोच्या वाळवंटात वाढते आणि त्यापासून रबर मिळते. आपल्या वाट्याला मात्र उपद्रवी भाऊ आला.

ओळख : रोपटे लहान असताना पाने गाजराच्या पाल्यासारखी, जमिनीलगत पसरलेली असतात. मग मधून दांडा निघतो. कमरेएवढे किंवा त्याहून उंच झाड होते आणि शेंड्यावर बारीक पांढरी फुले येतात. एका फुलात साधारण पाच बिया धरतात. बी दिसायला थोडे, पण एक झाड हजारो बिया टाकते. हे बी वाऱ्याने, पाटाच्या पाण्याने, जनावरांच्या खुरांना व गाडीच्या चाकांना लागलेल्या चिखलातून आणि शेणखतातून पसरते.

नुकसान : पिकाचे पाणी व खत ते खाते, हे तर झालेच. त्याहून मोठे नुकसान माणसाचे. सतत हात लागल्याने काहींना खाज सुटते, कातडी लाल होऊन चिरते. परागाने शिंका, दमा सुरू होतो. एकदा हा त्रास जडला की सहसा सुटत नाही. खुरपणीला बहुधा बायाच असतात, म्हणून त्यांना जपा. जनावरे ते सहसा खात नाहीत. चाराटंचाईत खाल्लेच, तर दूध कडवट लागते.

बंदोबस्त :

१. पाऊस पडल्यावर तीन-चार आठवड्यांत, जमीन ओली असताना, फुलायच्या आत मुळासकट उपटा. नुसते कापले तर पुन्हा फुटते. हातमोजे नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. अंगभर कपडे घाला. खाज किंवा दमा असणाऱ्याने या कामाला जाऊ नये.

२. फुलाआधी उपटलेली झाडे शेण व मातीचे थर देऊन खड्ड्यात कुजवा. चांगले खत होते. फुलावर आलेले झाड मात्र खतात टाकू नका, नाहीतर बी तुम्हीच शेतात पेराल.

३. पडीक जागेवर दहा लिटर पाण्यात दीड ते दोन किलो मीठ विरघळवून कोवळ्या झाडांवर फवारता येते. पिकाच्या रानात मिठाचे पाणी मुळीच नको, जमीन खारवते.

४. मेक्सिकन भुंगा १९८४ साली बेंगळुरूजवळ सोडण्यात आला. पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला हा भुंगा व त्याच्या अळ्या गाजर गवताची पाने फस्त करतात. पावसाळ्यात तो दिसला तर मारू नका, आणि त्या जागी कीटकनाशक फवारू नका. हिवाळ्यात तो जमिनीत दडतो.

५. मोकळ्या जागेवर पावसाआधी टाकळ्याचे (तरोट्याचे) बी फेका. तो दाट वाढून गाजर गवताला जागा देत नाही.

ध्यानात ठेवा : तुमचे रान स्वच्छ आणि शेजारचा बांध पांढरा, असे असेल तर मेहनत वाया जाते. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत निर्मूलनाच्या प्रचाराचा आठवडा असतो. त्याची वाट पाहू नका. ग्रामसभेत दिवस ठरवा, शाळेचे मैदान, पाणंद, पाणवठा वाटून घ्या. फुले दिसू लागली म्हणजे उशीर झाला, एवढी एकच खूण पुरे.