लादलेलें बालपण

बुद्धीची वाढ मंद असली म्हणून देहाची वाढ थांबत नाहीं, आणि सहवासाची ओढही नाहींशी होत नाहीं. तथापि तिशी उलटलेल्या अशा मुलीलाही घरचीं माणसें बाळच समजतात. ही समजूत मायेंतून उपजते, परंतु तिचे परिणाम कठोर होतात.

१९९४ सालीं शिरूरच्या सरकारी संस्थेंतील अशा कांहीं स्त्रियांचीं गर्भाशयें पुण्यांत शस्त्रक्रियेनें काढण्यांत आलीं. पाळीच्या वेळीं स्वच्छता राखतां येत नाहीं व गर्भधारणेचें भय असतें, हें कारण सांगण्यांत आलें. निषेध झाला, तेव्हां तें थांबलें. वस्तुतः गर्भाशय काढल्यानें पाळी थांबते, अत्याचार थांबत नाहीं. त्याची खूण मात्र नाहींशी होते.

२००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें चंदीगडच्या अशाच एका स्त्रीचा गर्भ तिच्या संमतीवांचून पाडण्यास नकार दिला. संमतीवांचून वंध्यत्व आणणाऱ्या उपचारांना २०१६ च्या कायद्यानें मनाई केली.

उरलेलें काम घरच्या माणसांचें आहे. अवयवांचीं नांवें, स्पर्शांतील भेद आणि ‘नको’ म्हणण्याचा अधिकार हें सोप्या शब्दांत पुनःपुन्हां शिकविलें, तर अशा व्यक्तीला स्वतःचें रक्षण करणें सुकर होतें, आणि आपल्या आवडीचें माणूस कोण, हेंही सांगतां येतें.