बर्फाने अडवलेली, बर्फाने सोडलेली

नदीची दिशा डोंगर ठरवतात, असं आपण शाळेत शिकतो. कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन प्रदेशात, सुमारे तीनशे वर्षं हे काम बर्फ करत होता.

सेंट एलायस पर्वतरांगेतली कास्कावुल्श हिमनदी खाली उतरून एका रुंद दरीतल्या जलविभाजकावरच थांबते. तिच्या तोंडाशी वितळणारं पाणी दोन्हीकडे जाई. स्लिम्स नदी उत्तरेला पंचवीसेक किलोमीटर वाहून क्लुएन सरोवराला मिळे. पुढे हेच पाणी क्लुएन, डोंजेक, व्हाइट आणि अखेर युकॉन नदीतून फार लांबचा वळसा घेत बेरिंग समुद्र गाठी. दुसरी वाट कास्कावुल्श आणि अल्सेक नद्यांची, थेट अलास्काच्या आखाताकडे. ती कितीतरी जवळची, जास्त उताराची. तरीही स्लिम्सला भरपूर पाणी मिळे, कारण मधे बर्फाचा बांध उभा होता.

१९५६ ते २००७ या काळात हिमनदीचं तोंड सहाशे-सातशे मीटर मागे सरकलं. मे २०१६च्या अखेरीस स्लिम्सच्या बाजूला साठलेल्या पाण्याने बर्फातून सुमारे तीस मीटर खोल घळ कापली आणि ते खालच्या अंगाला, कास्कावुल्श नदीकडे उतरलं. जेमतेम चार दिवसांत स्लिम्सचा प्रवाह जवळपास आटला. भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात. एरवी त्याला हजारो वर्षं लागतात. इथे आठवडाही लागला नाही. स्थिर हवामानात हिमनदी इतकी मागे हटण्याची शक्यता फक्त अर्धा टक्का, असं संशोधकांनी २०१७ साली ‘नेचर जिओसायन्स’मध्ये मांडलं.

स्लिम्स मुळात हिमनदीचीच निर्मिती होती. छोट्या हिमयुगात कास्कावुल्श पुढे सरकली, तोवर क्लुएन सरोवराचं पाणी याच दरीतून दक्षिणेकडे, अल्सेककडे जात होतं. बर्फाने ती वाट बुजवली, सरोवर चढलं आणि त्याला उत्तरेकडे नवी वाट शोधावी लागली. म्हणजे २०१६ साली पाणी जुन्याच वाटेला लागलं, असं म्हणून स्वस्थ बसता येईल. मला ते पटत नाही. मधल्या काळात सरोवराकाठी माणसांचं आयुष्य त्या चढलेल्या पातळीला धरून उभं राहिलं आहे.

बर्वॉश लँडिंग इथल्या क्लुएन फर्स्ट नेशनच्या लोकांसाठी हे मासेमारीचं पाणी आहे. स्लिम्स आटून सरोवराची पातळी उतरल्यावर होड्या पाण्यात लोटणंही अवघड झालं. हिमनदीने दगड दळून केलेला पिठासारखा गाळ आता कोरड्या पात्रातून वाऱ्यावर उठतो आणि अलास्का महामार्गावर धुळीचे लोट येतात. पात्रात उगवलेल्या हिरवळीवर रानमेंढ्या उतरू लागल्या आहेत. पातळी आणखी उतरून उत्तरेकडच्या तोंडाखाली गेली, तर युकॉन प्रदेशातलं हे सर्वांत मोठं सरोवर कुठल्याच समुद्राशी जोडलेलं राहणार नाही.