अंदमानची सफर आणि शेवटची बुडी

दौंडास चेन्नईची गाडी धरावी, तेथून विमानानें श्रीविजयपुरम्, म्हणजे २०२४ पूर्वींचें पोर्ट ब्लेअर, गांठावें. शिरूरकरांस मात्र आधीं दौंड गांठणें आलें. त्यांच्या गांवीं आगगाडी नाहीं.

खरी मेख परतीच्या दिवशीं आहे. स्वराजद्वीपीं नळकांडें पाठीस बांधून बुडी मारणारा दाबाखालील हवा श्वासावाटे घेतो. तींतील नायट्रोजन रक्तामांसांत विरतो. असा मनुष्य लगेच उंचावरील विरळ हवेंत गेला, तर सोड्याच्या बाटलीचें बूच काढतांच उठावेत तसे बुडबुडे अंगांत उठूं शकतात. सांधे ठणकतात, क्वचित् अर्धांगही होतें. म्हणून शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास, बनल्यास २४, विमानांत बसूं नये. बुड्या आधीं उरकाव्या, शहीदद्वीपाचें हिंडणें मागाहून ठेवावें, आणि शेवटचा दिवस सेल्युलर कारागृहास द्यावा. १९११ सालीं सावरकरांस तेथेंच आणलें होतें.