शिट्टीखालचं तीनशे किलोंचं बळ

पन्हाळा तालुक्यातलं, वारणेच्या काठचं वारणानगर बाहेरच्या जगाला साखरेमुळे आणि श्रीखंडामुळे ठाऊक आहे. तात्यासाहेब कोरे यांनी 1950च्या दशकात इथल्या माळावर सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, 1968 मध्ये दूध संघ उभा राहिला, आणि ऊस नि दूध यांच्या जोरावर एक अख्खं गाव वसलं. कारखाना पाहायला आलेला माणूस तिथल्या यंत्रांपुढे थक्क होतो, आणि व्हावंच. पण त्या यंत्रांच्या पोटात जे घडतं, त्यातलं बरंचसं शेजारच्या कोडोलीतल्या कुठल्याही घरात, ओट्यावर आणि फळीवर, रोज घडत असतं. तिथे ते यंत्राच्या नावानं नाही, रवी, फडकं, कुकर या नावांनी राहतं. या दोन जगांमधलं अंतर किती कमी आहे हे ज्या दिवशी कळतं, त्या दिवसापासून स्वयंपाकघरातलं एकही भांडं साधं वाटत नाही.

रवीच घ्या. लाकडाचा एक दांडा आणि खाली खाचा पाडलेलं बोंड, बस. पण तिच्याइतकं गुंतागुंतीचं काम करणारं दुसरं साधन घरात सापडणं कठीण. दुधातला स्निग्धांश बारीक थेंबांच्या रूपात तरंगत असतो. एकेक थेंब मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट, आणि प्रत्येकाभोवती एक पातळ पापुद्रा, त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. दही झाल्यावरही ते तसेच असतात. रवी फिरू लागली की ते एकमेकांवर आदळतात. थेंबांच्या आत गोठलेल्या चरबीचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांची टोकं पापुद्र्याबाहेर येतात आणि शेजारच्या थेंबात रुततात. दोनाचे चार, चाराचे चाळीस असं करत गोळे वाढत जातात. मग एका क्षणी सगळा मामलाच उलटतो: इतका वेळ पाण्यात चरबी होती, आता चरबीत पाणी आहे. तो क्षण डोळ्यांआधी कानाला कळतो. घुसळण्याचा आवाज बदलतो, रवी जड होते, आणि लोणी वर येतं.

हे घडायला थेंबातली थोडी चरबी घट्ट आणि थोडी पातळ असावी लागते. दही फार गार असेल तर सगळेच थेंब कडक, ते नुसते आपटून परत फिरतात. फार कोमट असेल तर स्फटिकच वितळलेले, मग रुतायला काही उरत नाही. आपल्या आज्या थंडीत घुसळताना कोमट पाण्याचा हबका मारायच्या आणि उन्हाळ्यात माठातल्या गार पाण्याचा, तो याचसाठी. हातात थर्मामीटर नव्हता, पण हवं ते तापमान त्यांना अचूक साधत होतं.

दोरीच्या मोठ्या रवीत आणखी एक खुबी आहे. दोरीची दोन टोकं आळीपाळीने ओढली की रवी एकदा उजवीकडे फिरते, एकदा डावीकडे. ती एकाच दिशेने फिरत राहिली असती तर थोड्या वेळात डेऱ्यातलं दहीही तिच्याबरोबर गरगरू लागलं असतं आणि घुसळण मंदावली असती. दर झटक्याला दिशा उलटते, म्हणून दह्याला रवीच्या सोबतीने वाहायला सवडच मिळत नाही. हे कुणी कागदावर मांडून काढलं नाही, पिढ्यानपिढ्यांच्या दंडांनी शोधलं. आणि हो, आपल्याकडच्या म्हशीच्या दुधाचं लोणी पांढरंशुभ्र निघतं, कारण चाऱ्यातला पिवळा कॅरोटीन म्हैस अ जीवनसत्त्वात बदलून टाकते. गाय त्यातला बराचसा तसाच दुधात उतरवते.

घुसळून लोणी काढणं ही एक वाट. फिरवून साय वेगळी करणं ही दुसरी, आणि तिच्यासाठीचं यंत्र स्वीडनच्या गुस्ताफ दे लाव्हाल या इंजिनिअरने 1878 मध्ये आणलं. दूध वेगाने फिरवलं की जड भाग बाहेरच्या बाजूला जातो आणि हलकी साय मधे राहते. डेअऱ्या आजही याच तत्त्वावर चालतात.

फिरवण्याची हीच युक्ती श्रीखंडाच्या चक्क्यालाही लागू पडते. दह्यात आंबटपणा वाढला की दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून जाळी विणतात आणि त्या जाळीत पाणी अडकून बसतं. घरी आपण दही मलमलच्या फडक्यात बांधून खुंटीला टांगतो. रात्रभरात पाणी थेंबथेंब निथळतं आणि सकाळी चक्का तयार. इथे सगळं काम पृथ्वीच्या ओढीने केलेलं असतं. मोठ्या डेअरीला रात्रभर थांबणं परवडत नाही, म्हणून तिथे दही गरगर फिरवून पाणी बाहेर फेकतात. साखर कारखान्यात तर हे आणखी जोरात चालतं. साखरेचे दाणे आणि चिकट मळी यांचं मिश्रण जाळीदार भिंतीच्या टोपलीत ओततात आणि ती टोपली मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेते. भिंतीजवळच्या दाण्याला त्या वेळी स्वतःच्या वजनाच्या सुमारे 1,000 पट ओढ जाणवते. मळी जाळीतून बाहेर उडते, दाणा आत राहतो. खुंटीवरचं फडकं आणि ही टोपली यांचं नातं सख्ख्या बहिणींचं आहे.

श्रीखंड करताना चक्क्यात साखर मिसळून तो थोडा वेळ झाकून ठेवायचा आणि मगच पुरणयंत्रातून काढायचा, हे जाणत्या बायका सांगतात. साखर चक्क्यातलं पाणी ओढून घेते, विरघळते आणि मिश्रण सैल पडतं. न विरघळलेली साखर घेऊन यंत्र फिरवलं तर दंड भरून येतात आणि श्रीखंड मात्र रवाळच राहतं.

आता कुकर. 1679 मध्ये देनी पापँ या फ्रेंच माणसाने घट्ट झाकणाचं एक भांडं केलं, त्यात हाडंसुद्धा मऊ शिजत. झाकण उडू नये म्हणून त्याने वाफेच्या वाटेवर वजन ठेवलं. आपली शिट्टी त्या वजनाचीच वंशज. हिशोब मांडून पाहा. वाफेच्या नळीचं भोक 3 मिलिमीटर व्यासाचं धरलं आणि आतला जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला 1 किलो धरला, तर ते भोक बंद ठेवायला साधारण 70 ग्रॅम वजन पुरतं. मुठीत मावणारी शिट्टी! पण तोच दाब झाकणाच्या संपूर्ण आतल्या पृष्ठभागावरही पडत असतो, आणि झाकण 20 सेंटिमीटर व्यासाचं असेल तर त्यावरचा एकूण जोर 300 किलोंच्या वर जातो. डाळ शिजत असताना तीन क्विंटलांचं बळ आपल्या शेगडीवर मुकाट्याने बसलेलं असतं. आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये तर हाच जोर झाकण आणखी घट्ट लावून धरतो. दाब असताना ते ओढून निघत नाही ते म्हणूनच.

दाब वाढला की पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं, आणि डाळ तासाऐवजी काही मिनिटांत शिजते. कोल्हापूरचा भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंच, त्यामुळे उघड्या पातेल्यातलं पाणी इथे 98 अंशांनाच उकळतं, पन्हाळगडावर त्याहून अंशभर कमी. गडावर डाळ शिजायला वेळ का लागतो, हे यावरून कळतं.

आणि इथेच मला सगळ्यात मोठा अचंबा वाटतो. कुकर जे करतो, त्याच्या नेमकं उलट साखर कारखाना करतो. गुऱ्हाळावर काहिलीत रस उघड्यावर आटवतात. पाणी उडून जाईल तसा पाक दाटतो, त्याचा उत्कलनबिंदू चढत चढत 118 अंशांच्या आसपास येतो. मग गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का ते बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. त्या उष्णतेनेच गुळाला रंग आणि खमंगपणा येतो. पण पांढऱ्या दाणेदार साखरेला तीच उष्णता बाधते, कारण तापलेली साखर फुटते आणि काळवंडते. यावर इंग्लंडच्या एडवर्ड चार्ल्स हॉवर्डने 1813 मध्ये तोड काढली: भांडं बंद करायचं आणि आतली हवा शोषून घ्यायची. दाब उतरला की पाक 70 अंशांच्या आसपासच उकळतो आणि करपल्याशिवाय दाणा धरतो. यालाच व्हॅक्यूम पॅन म्हणतात. म्हणजे वारणेच्या खोऱ्यात एकाच वेळी घरातल्या कुकरमध्ये दाब चढवून डाळ शिजते, कारखान्यात दाब उतरवून साखर पिकते, आणि मधल्या एखाद्या गुऱ्हाळावर हवेच्या आहे त्या दाबाखाली गूळ होतो.

तव्याबद्दल एवढंच सांगतो की जाड लोखंडी किंवा बिडाचा तवा घ्या. पातळ तव्यावर गार भाकरी पडली की तो लगेच निवतो, जाड तवा साठवलेली उष्णता सोडत राहतो. विळीबद्दलही एवढंच की तिचं पातं हलत नाही, भाजी हलते, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात.

पाट्या-वरवंट्याबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. आपल्या भागातला पाटा बहुधा काळ्या फत्तराचा. दख्खनवर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, त्याचा तो दगड. डायनासोर संपले तो हाच काळ. त्यावर आपण लसूण ठेचतो. लसणाची पाकळी अखंड असते तोवर तिला फारसा वास येत नाही. तिच्या पेशी चिरडल्या की वेगवेगळ्या कप्प्यांतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि त्या क्षणी झणझणीत ॲलिसिन तयार होतं. सुरीने कापल्या तर थोड्याच पेशी फुटतात, मिक्सरचं पातंही कापतच जातं. वरवंटा रगडतो, त्याखाली जवळजवळ सगळ्याच फुटतात. कोल्हापुरी तांबड्या रश्शाचं वाटण पाट्यावर केलं की वेगळं लागतं, त्यामागे हे रगडणंच आहे.

नवं घर मांडणाऱ्यांना माझं सांगणं आहे की खर्च करायचा तर चांगल्या कुकरवर आणि जाड तव्यावर करा. कुकरची रबरी कडी आणि सुरक्षा झडप वेळच्या वेळी बदला, कारण आतल्या त्या तीनशे किलोंना तेवढाच लगाम आहे. रवी आणि मलमलचं फडकं फार महाग नाहीत, ती असू द्या. आणि घरातला पाटा गुळगुळीत झाला म्हणून अंगणात टाकला असेल तर आत आणा, टाकी मारणारा आसपास असेल तोवर त्याच्याकडून टाकी मारून घ्या. खरखरीत झाला की तो पहिल्यासारखा वाटू लागेल.