चित्रपटाची साखळी

चित्रपट पाहून घरीं परततांना आपण नटांची व गाण्यांची चर्चा करितों. परंतु तो चित्रपट पडद्यापर्यंत कोणत्या वाटेनें आला, हा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. शेतांतील कापूस गिरणी, दुकान व शिंपी यांच्या हातून जातो, तेव्हां त्याचा सदरा होतो. चित्रपटाचेंहि तसेंच आहे. या हातांची एक साखळी असते, व तिची एक कडी निसटली कीं सर्व काम अडतें.

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटाचेंच उदाहरण घेऊं. सन १९१२ मध्यें फाळके लंडनला गेले व विल्यमसन कॅमेरा, इतर यंत्रें आणि कोरी फिल्म यांची व्यवस्था करून परतले. कारण हा माल त्या काळीं आपल्या देशांत तयार होत नसे. तो आगबोटीनें मुंबईस आला, तरी काम सुरू होईना. फिल्मच्या कडांना भोकें नव्हतीं, आणि भोकांवांचून यंत्राचे दांते फिल्म पुढें ओढूं शकत नाहींत. उजेड लागतांच कोरी फिल्म वायां जाते. म्हणून भोकें अंधारांतच पाडावीं लागत. हें काम सरस्वतीबाई फाळके यांनीं केलें. चित्रपटांत काम करणाऱ्या मंडळींचा स्वयंपाकहि त्याच करीत, आणि भांडवलासाठीं दागिनेहि त्यांनींच दिले. ता. ३ मे १९१३ रोजीं चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लागला. पडद्यावर सरस्वतीबाई कोठेंहि दिसल्या नाहींत. पण त्यांच्यावांचून पडदा कोराच राहिला असता.

या साखळींत आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. माल निर्मात्याकडून प्रेक्षकाकडे जातो, तर पैसा प्रेक्षकाकडून निर्मात्याकडे येतो. सर्व खर्च मात्र पहिलें तिकीट विकण्यापूर्वींच करावा लागतो. म्हणून मध्यें विलंब झाला कीं कर्ज वाढतें.

कडी दूर देशीं असेल तर धोका अधिक. दुसऱ्या महायुद्धांत परदेशांतून येणाऱ्या कोऱ्या फिल्मची टंचाई झाली, व सन १९४२ मध्यें सरकारनें चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित केली. म्हणजे सुमारें दोन तासांचा खेळ! युद्ध समुद्रावर, आणि कात्री आपल्या पडद्यावर.

आतां फिल्मची जागा बहुतेक ठिकाणीं संगणकानें घेतली आहे. तरीहि साखळी तुटलेली नाहीं. दिवे आले, नट आले, पण पोशाखाची पेटी आली नाहीं, तर शेंकडों माणसांचें भाडें व भोजन फुकट जातें. म्हणून कुशल व्यवस्थापक शेवटच्या दिवसापासून मागें मोजीत येतो, आणि कोणती वस्तु केव्हां हवी हें आधींच लिहून ठेवितो.

आपल्या स्नेहसंमेलनाचें नाटक बसवितांना हीच रीत वापरून पाहा. आणि टाळ्या पडतील तेव्हां पडद्यामागें दोरी ओढणाऱ्या मुलाचीहि आठवण ठेवा.